डेक्कन ओडिसीने पुण्यात एक दिवस थांबावे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

डेक्कन ओडिसी ही महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ आणि रेल्वे यांची आलिशान गाडी. करोनाच्या काळात ती उभीच होती आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा रुळावर आली. तिच्या महाराष्ट्र दर्शनाच्या सात रात्रींच्या फेरीत नाशिक, वेरूळ, अजिंठा, कोल्हापूर, गोवा आणि कोकण आहे. पुणे नाही. २००४ साली गाडी सुरू झाली तेव्हाच्या मार्गावर पुण्याचे नाव होते, पुढे ते गळले. पुण्यात आणि मावळात पाहुण्यांना लेणी, वाडे, गड दाखवण्याचे काम आम्ही काही जण करतो. शहराच्या अभिमानाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी हा मुक्काम रेल्वेच्या, प्रवाशाच्या आणि इतिहासाच्या हिशेबात बसतो, हे तपशिलाने मांडण्यासाठी हे पत्र.

आधी लोहमार्गाचे पाहू. अजिंठा पाहून झाल्यावर गाडी जळगावहून कोल्हापूरला निघते. त्यासाठी सर्वांत सोयीची वाट मनमाड, अहिल्यानगर, दौंड, पुणे, मिरज अशी आहे. जळगाव ते मनमाड सुमारे १६० किलोमीटर, मनमाड ते दौंड २३७, दौंड ते पुणे ७५. म्हणजे पुण्यापर्यंत पावणेपाचशेच्या आत. पूर्वी मनमाडकडून पुण्याला येताना दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. कॉर्ड लाइन, म्हणजे दौंड स्थानकाला वळसा घालणारा जोडमार्ग, झाल्यापासून तो खोळंबा टळला. पुण्याला मात्र तो टळत नाही. मिरजेचा फाटा पुणे स्थानकाच्या पूर्वेला घोरपडीपाशी फुटतो आणि दौंडकडून येणारी गाडीही पूर्वेकडूनच शिरते. त्यामुळे दौंडहून येऊन मिरजेकडे जाणारी गाडी पुण्यात येते, तिचे इंजिन मागच्या टोकाला लागते, ब्रेकच्या नळ्यांत हवा भरून तपासणी होते आणि मगच ती आल्या दिशेने परत निघते. गोवा एक्स्प्रेसचे पुण्यात हेच होते. या वाटेने येणाऱ्या आलिशान गाडीला पुण्यात अर्धा तास तरी थांबणे भागच आहे. फरक इतकाच, की त्या वेळी पाहुणे झोपलेले किंवा जेवणाच्या डब्यात बसलेले असतात आणि खिडकीबाहेर कुठले शहर आहे हे त्यांना कुणी सांगत नाही.

जळगाव ते कोल्हापूर हा सगळा पल्ला आठशे किलोमीटरच्या घरात जातो. पन्नासच्या सरासरीने सोळा तास. संध्याकाळी आठला निघालेली गाडी कोल्हापूरला दुपारी बाराला टेकते आणि एवढ्या मोठ्या शहराच्या वाट्याला अर्धाच दिवस उरतो. अंबाबाई, न्यू पॅलेस आणि पन्हाळा हे सगळे अर्ध्या दिवसात कोंबले की पन्हाळा गळतो किंवा धावतपळत उरकतो. पुण्याचा मुक्काम मध्ये घातला की हा पल्ला दोन रात्रींत वाटला जातो. जळगाव ते पुणे साडेनऊ-दहा तास, म्हणजे पहाटे सहाच्या सुमारास पुणे. रात्री साडेनऊला पुण्याहून निघाले की सव्वातीनशे किलोमीटर तोडून पहाटे कोल्हापूर. दोन्ही शहरांना पूर्ण दिवस मिळतो. शिवाय वेळ भरून काढण्यासाठी गाडी रात्री पळवावी लागत नाही. या गाडीबद्दलची सर्वांत नेहमीची तक्रार झोप लागत नाही ही असते आणि तिचे मूळ बहुतेक वेळा वेग, सांधे आणि रात्रीचे शंटिंग यांत असते.

जळगावहून इगतपुरी, कल्याण, कर्जत, लोणावळा अशी दुसरी वाटही आहे. अंतरात फार फरक नाही आणि कार्ले-भाजे वाटेतच लागतात, म्हणून ती सुचवली जाते. ती घेऊ नये असे आमचे मत आहे. कसारा मार्ग आणि कर्जत मार्ग दोन्ही कल्याणला एकाच अंगाने येऊन मिळतात, म्हणून तिथेही इंजिन फिरवावे लागेल, आणि तेही मुंबईच्या लोकल गाड्यांच्या ऐन गर्दीत. पुढे बोरघाटाचा चढ सदतिसास एक. कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडल्याशिवाय एकवीस डब्यांची गाडी वर चढत नाही. एवढ्या अडथळ्यांत वेळापत्रक पाळले जाणे अवघड. बोरघाट दाखवायचा तर याच गाडीच्या विजापूर-हंपीच्या फेरीत दाखवावा. ती गाडी मुंबईहून निघून हाच घाट चढते. निघण्याची वेळ दुपारची ठेवली तर पाहुण्यांना १८६३ साली खुला झालेला हा मार्ग, त्याचे बोगदे आणि मंकी हिलच्या आसपासची दरी उजेडात दिसेल.

आता फलाटाची अडचण. ती खरी आहे आणि पुण्याचे नाव गळण्यामागे तिचाही हात असावा. पुणे स्थानकाला सहा फलाट. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान सिंहगड, डेक्कन क्वीन, प्रगती अशा मुंबईच्या गाड्या एकामागून एक सुटतात. एकवीस डब्यांची गाडी, प्रत्येक डबा बावीस मीटरहून थोडा जास्त धरला तर डबेच पावणेपाचशे मीटर होतात, वर इंजिन. एवढी गाडी दिवसभर फलाटावर उभी करा म्हणणे म्हणजे हजारो रोजच्या प्रवाशांच्या वाटेत उभे राहणे, आणि तशी मागणी आम्ही करणारही नाही. गरज आहे ती सकाळी पंचवीस मिनिटांची आणि रात्री चाळीस मिनिटांची. नाश्ता दौंड ते पुणे या टप्प्यात गाडीतच उरकावा. चाळीस डीलक्स खोल्या आणि चार प्रेसिडेन्शियल सुइट, सगळे भरले तरी अठ्ठ्याऐंशी पाहुणे. ते झोपण्याच्या अकरा-बारा डब्यांतून उतरणार. दर डब्यापाशी एक मदतनीस आणि पायाखाली ठेवायची लाकडी पायरी असेल तर दहा मिनिटांत फलाट मोकळा होतो. त्यानंतर मागच्या टोकाला इंजिन लावून रिकामी गाडी घोरपडीच्या यार्डात न्यावी. घोरपडी पूर्वेलाच असल्याने वाकडी वाट पडत नाही.

यार्डात गाडी नुसती उभी राहणार नाही. न्हाणीघर प्रत्येक खोलीला आहे. माणशी शंभर लिटर धरले तरी दिवसाला नऊ हजार लिटर पाणी आणि स्वयंपाकघराचे वेगळे. चालू वेळापत्रकात हे पाणी कुठेतरी घाईत भरले जाते. एखाद्या ठिकाणी दाब कमी मिळाला की पुढच्या सकाळी शेवटच्या दोन डब्यांत शॉवरचे पाणी बारीक होते. फेरीच्या बरोबर मध्यावर आठ-दहा तास यार्डात मिळाले तर टाक्या पूर्ण भरतील, चादरी-टॉवेल धुलाईला जातील, वातानुकूलन यंत्रांच्या जाळ्या साफ होतील, चाकांची आणि ब्रेकची तपासणी दिवसाउजेडी होईल. जनरेटरचा आवाज आणि धूरही फलाटावरच्या लोकांच्या वाट्याला येणार नाही.

इतिहासाचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

या फेरीत पाहुणा वेरूळला दहा क्रमांकाचे विश्वकर्मा लेणे पाहतो. छताला दगडी फासळ्या आहेत. मार्गदर्शक सांगतो, की ही लाकडी बांधणीची दगडातली नक्कल. लोक याला सुतार की झोपडी म्हणतात. दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला एकोणीस आणि सव्वीस क्रमांकाच्या चैत्यांत, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहांत, तो पुन्हा दगडी फासळ्या पाहतो. ज्या लाकडाची ही नक्कल ते लाकूड मात्र त्याला कुठेच दिसत नाही. ते कार्ल्याला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या कमानदार छताला लावलेल्या सागवानी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत आणि अजून जागेवर आहेत. स्तूपावरची छत्रीही लाकडाचीच. हे चैत्यगृह सुमारे अडतीस मीटर लांब, चौदा मीटर रुंद आणि जवळजवळ तितकेच उंच. भारतातल्या खोदीव चैत्यांत सर्वांत मोठे. खांबांवर बसलेल्या हत्तींच्या जोड्या आणि त्यांवरचे स्वार आहेत. बाहेर सिंहस्तंभ आहे. समोरच्या भाज्याचे चैत्यगृह त्याहून जुने, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातले. त्याची दर्शनी बाजू मुळात लाकडाची होती. ती गेली आणि लाकूड बसवण्यासाठी दगडात केलेली भोके तेवढी राहिली. ती भोके दाखवून मग खांबांचा आत झुकलेला कल दाखवला, की सुताराच्या कामातून पाथरवटाचे काम कसे निघाले हे न सांगता कळते. भाजे, कार्ले, अजिंठा, वेरूळ ही एका ओळीत वाचायची चार पाने आहेत, आणि या गाडीत पहिली दोन फाडून टाकून उरलेली दोनच हातात दिली जातात.

कार्ल्याचे शिलालेखही परदेशी पाहुण्यांना वाचून दाखवण्यासारखे आहेत. वैजयंतीच्या म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या वनवासीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले आणि ते जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, असे तिथे कोरलेले आहे. धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या लोकांनी, खांब दान दिल्याचे लेख त्याच खांबांवर आहेत. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचाही लेख इथे आहे, आणि त्याचेच लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहेत. नाशिकला थांबणाऱ्या गाडीने ते लेख दाखवले आणि तीन दिवसांनी कार्ल्याचे दाखवले, तर सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातल्या ओढाताणीची गोष्ट दोन्ही टोकांनी पुरी होते.

भाज्याच्या जवळच लोहगड आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यांत लोहगड आहे, पन्हाळा आहे, सिंधुदुर्गही आहे. कोल्हापूर आणि तळकोकण फेरीत आहेतच. मावळ जोडला की घाटमाथ्याच्या वाटेवरचा, पठाराच्या कडेचा आणि समुद्रातला असे तीन वेगळ्या जातींचे किल्ले एका फेरीत येतात. एवढी जुळणी दुसऱ्या कुठल्या आलिशान गाडीला जमणार नाही.

दिवस कसा बसवावा तेही सांगतो. पुणे स्थानकावरून सात वाजता निघाले तर जुन्या महामार्गाने तळेगाव, कामशेत करत पावणेनऊपर्यंत कार्ला गाठता येते. लेणी नऊला उघडतात. बस पंचेचाळीस आसनांच्या नकोत. भाजे गावातल्या आणि लोहगडाच्या रस्त्याला वीस-बावीस आसनांच्या चार गाड्या बऱ्या पडतात. शिवाय एका मार्गदर्शकामागे बावीसच माणसे राहतात, त्याहून जास्त झाली की मागच्यांना ऐकू येत नाही. कार्ल्याला पायथ्यापासून सुमारे साडेतीनशे पायऱ्या आहेत. वरच्या वाहनतळापर्यंत गाडी नेली तर त्यांतल्या बऱ्याच वाचतात. तरीही पाहुण्यांत साठी ओलांडलेले पुष्कळ असतात, म्हणून अजिंठ्याला मिळते तशी डोलीची सोय इथेही आधी सांगून ठेवावी लागेल. साडेदहाला खाली उतरून अकरापर्यंत भाजे. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी भाज्याऐवजी लोहगडवाडीला जाऊन गड चढावा. पायऱ्यांची वाट आहे, चाळीस-पंचेचाळीस मिनिटे लागतात. गणेश दरवाजापासून महादरवाजापर्यंतची वळणे पाहिली तरी किल्ल्याची रचना समजते. भाजे आणि गड दोन्ही करायचा मोह टाळावा. सकाळ फसते ती इथेच. जेवण कामशेत-लोणावळ्याच्या बाजूला एकच्या सुमारास. मराठी पद्धतीचे पान, अळूची भाजी, मसालेभात, काकडीची कोशिंबीर, पुरणपोळी. तिखट वेगळे वाढावे.

दुपारी पेठा. मोठी बस शनिवारवाड्यापर्यंत आणून तिथून पाहुण्यांना हिंडवणे हा सरधोपट बेत चालत नाही. शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता एकेरी, चार वाजता दोन्ही तुंबलेले, आणि वाहन उभे करायला जागा नाही. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रोने हा प्रश्न जवळजवळ सोडवला आहे. बस जिल्हा न्यायालयापाशी सोडाव्यात. तिथून भुयारी मेट्रोने मुठेच्या पात्राखालून एकच स्थानक, कसबा पेठ. फडके हौदाजवळ वर यायचे आणि शनिवारवाड्यापर्यंत चालत. वाड्यातून निघून बाजीराव रस्त्याने दक्षिणेला विश्रामबाग वाडा, पुढे नातूबागेजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय, मग महात्मा फुले मंडई. मंडई स्थानकातून मेट्रोने परत जिल्हा न्यायालय, तिथे मार्गिका बदलून पुणे रेल्वे स्थानक. दुपारभर एकाही पाहुण्याला पेठेत वाहनात बसावे लागत नाही. चाल सगळी मिळून दोन-अडीच किलोमीटर, रस्ता सपाट. थकलेल्यांना रिक्षा कुठेही मिळते.

अठ्ठ्याऐंशी जण एकाच वेळी केळकर संग्रहालयात मावत नाहीत. तिथले जिने अरुंद, दालने लहान, आणि वस्तू वीस हजारांच्या घरात. म्हणून दोन गट शनिवारवाड्याकडून आणि दोन गट मंडईकडून सुरू करावेत. संग्रहालय साडेपाचला बंद होते, तेव्हा उलट्या बाजूच्या गटांनी आधी तेच उरकावे. आत सगळे पाहायचा हट्ट धरू नये. मस्तानी महालाची मांडणी, दिवे, अडकित्ते, वाद्ये आणि कोरीव दारे एवढे पाऊण तासात नीट होते.

शनिवारवाड्याबद्दल मार्गदर्शकांना एक विनंती. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. उरला तो दगडी तट, दरवाजे, नगारखाना आणि जोती. समोर इमारत नाही म्हणून अनेक जण नारायणरावांच्या भुताची गोष्ट सांगून वेळ भरतात. पाहुणा हसतो आणि काही न कळता बाहेर पडतो. त्याऐवजी पाणी दाखवावे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचे तलाव बांधून तिथले पाणी बंदिस्त नळाने शहरात आणले. वाड्यातली कारंजी आणि पेठांतले हौद त्याच पाण्यावर चालत. फडके हौद हे स्थानकाशेजारचे नाव त्यातलेच. जोत्यांमधले पाण्याचे मार्ग आणि हजारी कारंज्याचे सोळा पाकळ्यांचे कमळ दाखवले, की जळलेला वाडा डोळ्यांपुढे उभा करता येतो. विश्रामबाग वाड्यात आतले दालन बंद असले तरी दुसऱ्या बाजीरावांच्या वेळचे दर्शनी लाकूडकाम रस्त्यावरूनही पाहण्यासारखे आहे. सकाळी कार्ल्याचे लाकूड पाहिलेल्या माणसाला ते वेगळे दिसते. आगाखान पॅलेस या दुपारीत घालू नये. तो नगर रस्त्यावर, वेगळ्या दिशेला आहे, आणि कस्तुरबा व महादेवभाई देसाई यांच्या समाध्यांपाशी घाईने जाणे बरे नाही. ज्यांना तोच पाहायचा आहे त्यांच्यासाठी पेठांऐवजी स्वतंत्र गट करावा.

वार निवडणे ही सर्वांत साधी गोष्ट, आणि तिच्यातच फेऱ्या बिघडतात. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. वेरूळ, अजिंठा, पुणे असे लागोपाठ तीन दिवस धरले तर पुण्याला मंगळवार आणि गुरुवार चालत नाहीत. शनिवार-रविवारी लोणावळ्याकडचा रस्ता आणि कार्ल्याच्या लेण्यांशेजारच्या एकवीरेच्या दर्शनाची रांग यांत सकाळ संपते. सोमवारी पुणे ठेवले तर अजिंठा रविवारी येतो आणि चित्रांच्या लेण्यांत उभे राहायला जागा मिळत नाही. उरतात बुधवार आणि शुक्रवार. त्यांतला बुधवार चांगला: शनिवारी मुंबई, रविवारी नाशिक, सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, बुधवारी पुणे, गुरुवारी कोल्हापूर, शुक्रवारी गोवा, शनिवारी कोकण, रविवारी सकाळी मुंबई. यात अंबाबाईच्या देवळातली शुक्रवारची गर्दीही चुकते. चैत्रातल्या एकवीरेच्या यात्रेचे दिवस तेवढे वगळावेत.

फेरी यामुळे आठ रात्रींची होते. रेल्वेला द्यायचे हॉलेज, म्हणजे गाडी ओढण्याचा आकार, आणि गाडी उभी करण्याचे शुल्क वाढेल, तिकीटही वाढेल. सात रात्रींतच बसवायचे असेल तर आमच्या मते गोव्याचा दिवस कमी करावा. गोव्याला विमानाने जाता येते, तिथे राहायच्या सोयी अमाप आहेत, आणि फेरी संपल्यावर पाहुणा स्वतःहून जाऊ शकतो. कोकण कमी करू नये. मात्र एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. कोल्हापूर हे शेवटचे स्थानक आहे, तिथून कोकण रेल्वेला थेट रूळ नाही. गाडीला मिरज, बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक करत दूधसागरचा घाट उतरून मडगावला जावेच लागते. म्हणजे गोव्यातला मुक्काम वगळला तरी गोव्यातून जाणे वगळता येत नाही, आणि वाचतो तो दिवसच, अंतर नाही. त्या दिवशी निदान दूधसागर उजेडात यावा असे वेळापत्रक बांधावे.

पुण्याहून या गाडीने जाण्याचा विचार करणाऱ्यांसाठीही थोडे. खोली लहान असते. कडक मोठ्या बॅगेऐवजी दोन मऊ पिशव्या न्याव्यात, त्या पलंगाखाली सरकतात. खोली मागताना गाडीच्या मधला डबा आणि डब्याच्या मधली खोली मागावी. चाकांवरच्या खोलीत खडखड जास्त, आणि टोकांना जनरेटरचे डबे असतात. पलंग जोडलेला हवा की सुटा, हे आरक्षणाच्या वेळीच लिहून द्यावे. भाड्यात प्रवेश शुल्क, बस, मार्गदर्शक येतात का, मद्य, स्पा, धुलाई वेगळी का, हे कागदावर घ्यावे. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत चपला-बूट काढावे लागतात, म्हणून चटकन निघणारी पादत्राणे. फ्लॅशला बंदी आहे, आणि ती पाळावी. मातीच्या गिलाव्यावरची ती चित्रे उजेड आणि दमट हवा दोन्हींनी झिजतात. आत गेल्यावर दोन-तीन मिनिटे नुसते उभे राहावे, डोळे अंधाराला सरावले की रंग दिसू लागतात.

ही गाडी परवडणारे पुणेकर थोडेच असणार, तेव्हा इतरांना काय लाभ, हा प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे, की अठ्ठ्याऐंशी पाहुण्यांसाठी जे करावे लागेल ते सगळ्यांच्याच उपयोगाचे आहे. कार्ला आणि भाजे इथे स्वच्छ स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, चढाला कठडा, मराठी आणि इंग्रजीत नीट फलक. कसबा पेठ स्थानकाबाहेर वाडे दाखवणारा नकाशा. पुण्यात जर्मन, फ्रेंच, जपानी शिकणारी मुले-मुली मॅक्सम्युलर भवन, आलियाँस फ्राँसेज आणि रानडे इन्स्टिट्यूटमधून दरवर्षी बाहेर पडतात. परदेशी पाहुण्यांसाठी त्या भाषांतले मार्गदर्शक लागतात. हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. पावसाळ्यात शिकून तयारी करायला त्यांना चार महिने मिळतात. ब्राह्मी अक्षरे ओळखणे, चैत्य आणि विहार यांतला फरक, किल्ल्याच्या दरवाजाची रचना, एवढे पक्के झाले तरी गट हाताळता येतो.

पर्यटन महामंडळ पुढच्या हंगामाच्या तारखा आधीच जाहीर करते, कारण परदेशातली आरक्षणे कित्येक महिने अगोदर होतात. म्हणून मागणी स्पष्ट ठेवतो. महामंडळाने रेल्वेच्या पुणे विभागाकडे सकाळच्या पंचवीस आणि रात्रीच्या चाळीस मिनिटांच्या फलाटाची आणि घोरपडीतल्या दिवसभराच्या जागेची लेखी मागणी करावी. पुरातत्त्व खात्याशी कार्ला-भाजे इथल्या सोयींबद्दल बोलावे. येत्या हंगामात जानेवारी-फेब्रुवारीतल्या निदान दोन फेऱ्या बुधवारच्या पुणे मुक्कामासह आठ रात्रींच्या चालवून पाहाव्यात. गटांची आखणी, वेळा आणि चालण्याचे मार्ग कागदावर तयार करून द्यायला आम्ही विनामूल्य तयार आहोत.

आपले,
पुणे व मावळातील वारसास्थळांचे काही मार्गदर्शक, पुणे